स्वस्त झालेला आभासी चष्मा आणि व्यापाऱ्याची वही

नवी वस्तू बाजारात येते तेव्हा तिच्या किमतीची चर्चा प्रथम होते. ती घरात आल्यानंतर किती दिवस वापरली जाईल, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला जातो. व्यापारी कुटुंबाने मात्र हा दुसरा प्रश्न आधी विचारावयास हवा, कारण वस्तू पडून राहिली की भांडवलही तिच्यासोबत पडून राहते. आभासी वास्तवाचा अनुभव देणारे हेडसेट हे या नियमाचे अलीकडचे आणि बोलके उदाहरण आहे.

एप्रिल २०२३ च्या अखेरीस, आयपीएलचा हंगाम ऐन भरात असताना, रिलायन्स जिओने ‘जिओडाइव्ह’ नावाचा हेडसेट १,२९९ रुपयांना विक्रीस आणला. त्यात आपलाच मोबाइल बसवून डोळ्यांवर चढविला की शंभर इंची पडद्यावर सामना पाहिल्याचा भास होतो आणि मान वळवावी तिकडे मैदान दिसते, असे त्याचे आकर्षण होते. त्यासाठी ४.७ ते ६.७ इंची पडद्याचा मोबाइल आणि जिओची जोडणी आवश्यक होती. पुढे काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ॲपलने अमेरिकेत ‘व्हिजन प्रो’ हे याच कुळातील यंत्र ३,४९९ डॉलरना विकावयास काढले. एका टोकाला तेराशे रुपये, दुसऱ्या टोकाला जवळजवळ तीन लाख! एवढे अंतर असलेल्या बाजारात ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ नेमका काय, हे समजून घेतल्याशिवाय कोणी त्यात रक्कम गुंतवू नये.

यंत्राचे मर्म

आपले दोन डोळे एकच दृश्य किंचित वेगळ्या कोनांतून पाहतात. ती दोन चित्रे मेंदूत एकत्र आली की खोलीची जाणीव होते. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र चित्र आणि स्वतंत्र भिंग असते. मान वळली की यंत्रातील सूक्ष्म संवेदक ती हालचाल टिपतात आणि चित्रही त्यानुसार बदलते. मेंदूची अशी खात्री पटते, की आपण त्या जागीच उभे आहोत.

स्वस्त आणि महाग यंत्रांतील खरा भेद येथूनच सुरू होतो. मोबाइल बसविण्याच्या खोक्यात केवळ मानेचे वळणे कळते. माणूस पुढे झुकला, बसला किंवा दोन पावले चालला तरी दृश्य जागचे हलत नाही. महाग यंत्रात कॅमेऱ्यांच्या साहाय्याने सर्व शरीराची हालचाल टिपली जाते. डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते, अशी विसंगती झाली की पुष्कळांना मळमळ होते, डोके दुखते. त्याशिवाय मोबाइल तापतो आणि त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. किंमत वाचविताना जे गाळले जाते ते बहुधा हेच सौख्य असते, आणि गिऱ्हाईक पुन्हा यंत्र हाती घेईल की नाही हे त्यावरच ठरते.

दीडशे वर्षांपूर्वीचा दाखला

ही युक्ती मुळात नवी नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दोन चित्रांतून खोली दाखविणारा स्टिरिओस्कोप मांडला. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगे वापरून तो आटोपशीर केला. त्याला सर्वसामान्यांच्या घरात नेले ते बोस्टनचे डॉक्टर व लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. त्यांनी १८६१ च्या सुमारास अगदी साधा, हातात धरावयाचा नमुना तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. साहजिकच अनेक कारखान्यांनी तो बनविला, स्पर्धा वाढली आणि किंमत उतरली.

येथे व्यापाऱ्याने लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. यंत्र कोणीही बनवू शकत होते. मग टिकाऊ धंदा कोणी केला? तो केला यंत्रात घालावयाची चित्रे विकणाऱ्यांनी. अंडरवुड अँड अंडरवुड आणि कीस्टोन या अमेरिकी कंपन्यांनी जगभर छायाचित्रकार पाठविले, देशोदेशींच्या चित्रांचे संच काढले आणि ते घरोघरी व शाळांतून विकले. भारतातील शंभर दृश्यांचा एक संच १९०७ मध्ये निघाला होता. यंत्र एकदा घेतले जात असे. चित्रे मात्र पुनःपुन्हा घेतली जात. आपल्याकडे जत्रेत येणाऱ्या बायोस्कोपवाल्याचेही गणित असेच होते. तो पेटी कोणाला विकत नसे; पेटीत डोकावण्याचे पैसे घेई, आणि एका गावचे कुतूहल संपले की पुढच्या गावी जाई. सोलापूरकरांनी गड्ड्याच्या यात्रेतील खेळ-तमाशे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. कुतूहलाचा धंदा फिरता का असतो, हे त्यांना वेगळे सांगावयास नको.

स्वस्ताईची दहा वर्षे

आधुनिक पर्वाचा आरंभ २०१२ मध्ये झाला. पामर लकी या तरुणाच्या ‘ऑक्युलस’ने लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर उभे केले आणि मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जून महिन्यात गूगलने ‘कार्डबोर्ड’ आणले. नावाप्रमाणेच पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे आणि आपला मोबाइल, एवढाच त्याचा पसारा. आराखडा सर्वांना खुला होता, त्यामुळे अनेक देशांत त्याच्या नकला निघाल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना हे पुठ्ठ्याचे यंत्र मोफत पाठविले. २०१७ च्या आरंभी गूगलने एक कोटी कार्डबोर्ड वितरित झाल्याचे सांगितले, तर सॅमसंगने आपले ‘गिअर व्हीआर’ पन्नास लाखांवर गेल्याचे जाहीर केले.

हे आकडे पाहून कोणत्याही विक्रेत्याने भरघोस माल भरला असता तर त्यात नवल नव्हते. परंतु पुढील हिशेब निराळा आहे. गूगलचे कापडी आवरणाचे, ७९ डॉलरचे ‘डेड्रीम व्ह्यू’ २०१६ मध्ये आले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद झाले. सॅमसंगने २०१९ मध्ये काढलेल्या ‘नोट १०’ मोबाइलला ‘गिअर व्हीआर’ जोडताच येत नव्हते. मोबाइलविना चालणारे, १९९ डॉलरचे ‘ऑक्युलस गो’ मे २०१८ मध्ये आले आणि २०२० मध्ये त्याची विक्री थांबली. गूगलने कार्डबोर्डची विक्री मार्च २०२१ मध्ये बंद केली. संगणकाला जोडावयाच्या यंत्रांचीही तीच गत झाली. मायक्रोसॉफ्टच्या आधाराने एसर, डेल, एचपी, लेनोव्हो, सॅमसंग अशा नामांकित कंपन्यांनी २०१७ मध्ये प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्वस्त हेडसेट आणले. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती व्यवस्थाच मागे घेण्याचे जाहीर केले आणि पुढील विंडोज आवृत्तीतून ती काढून टाकली.

या सर्व यंत्रांपैकी एकही महाग होती म्हणून मागे पडले नाही. कार्डबोर्ड तर अनेकांना फुकट मिळाले होते. लोकांनी ते उत्साहाने घेतले, घरच्यांना दाखविले, दोन-चार वेळा पाहिले आणि कपाटात ठेवून दिले. पुन्हा पाहण्यासारखे फारसे काही नव्हते आणि पाहताना सुख वाटत नव्हते. किंमत गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणते. त्याला परत आणण्याचे काम वस्तूने स्वतः करावे लागते.

पदरमोड करून विकणारा स्पर्धक

मोबाइलचे खोके मागे पडल्यावर स्वयंपूर्ण यंत्रांची स्पर्धा सुरू झाली. फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, मे २०१९ मध्ये ‘क्वेस्ट’ ३९९ डॉलरना आणले. ऑक्टोबर २०२० मधील ‘क्वेस्ट २’ त्याहून सरस असूनही २९९ डॉलरना होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच यंत्राची किंमत एकदम शंभर डॉलरनी वाढविण्यात आली. ऑक्टोबर २०२३ चे ‘क्वेस्ट ३’ ४९९ डॉलरचे होते, तर त्यानंतर वर्षभराने ‘क्वेस्ट ३एस’ पुन्हा २९९ डॉलरवर आले.

उत्पादनखर्च एवढा वरखाली होत असतो काय? मुळीच नाही. ही यंत्रे आम्ही खर्चाएवढ्या किमतीला किंवा पदरमोड करून विकतो, असे मेटाचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी २०२१ मध्येच उघडपणे सांगितले होते. कंपनीच्या या विभागाचा तोटा तिच्या ताळेबंदातच दिसतो: २०२२ मध्ये सुमारे १,३७० कोटी डॉलर, २०२३ मध्ये १,६१० कोटी आणि २०२४ मध्ये १,७७० कोटी. शेवटचा आकडा रुपयांत मांडला तर जवळजवळ दीड लाख कोटी होतो. हा तोटा कंपनी जाहिरातींच्या नफ्यातून भरून काढते आणि पुढे यंत्रावरील खेळांच्या विक्रीतून वसुलीची आशा धरते. त्या दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळाच्या किमतीतून सर्वसाधारणपणे ३० टक्के हिस्सा मेटा घेते. होम्स यांच्या स्टिरिओस्कोपचा हिशेब येथे पुन्हा भेटतो: यंत्र स्वस्त, चित्रे कमाईची.

खर्चाखाली दर नेणाऱ्या बलाढ्य स्पर्धकाशी गाठ पडणे म्हणजे काय, हे सोलापूरच्या व्यापारी घराण्यांना ठाऊक आहे. येथे १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसमवेत १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी उभी केली, तेव्हा ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. सिंदिया टिकली, पण १९२३ मध्ये तिला किनारपट्टीच्या वाहतुकीपुरती मर्यादा स्वीकारून तडजोड करावी लागली. धैर्य आणि भागभांडवल दोन्ही असलेल्या संस्थेला जे इतके जड गेले, ते एखाद्या दुकानदाराला किती जड जाईल? मेटाने उद्या किंमत शंभर डॉलरनी उतरविली तर विक्रेत्याच्या कपाटातील मालाचे मूल्य त्याच रात्री घटते, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारतही नाही.

मुंबई-ठाण्यातील वाटा

आपल्या राज्यातही या क्षेत्रात गंभीर काम झाले आहे. मुंबईची ‘टेसरॅक्ट’ ही लहान कंपनी रिलायन्सने २०१९ मध्ये आपल्या छत्राखाली घेतली आणि जुलै २०२० मधील वार्षिक सभेत अवघ्या ७५ ग्रॅम वजनाचा ‘जिओ ग्लास’ सादर झाला. वजनाचे महत्त्व कळण्यासाठी सांगावयाचे तर ‘क्वेस्ट २’चे वजन पाचशे ग्रॅमवर होते, अर्धा किलोचा भार नाकावर आणि कपाळावर तासभर सोसणे सोपे नसते.

ठाण्यातील ‘अज्नालेन्स’ने मात्र वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने घरगुती गिऱ्हाइकामागे न धावता संरक्षण, उद्योग आणि कौशल्य-प्रशिक्षण यांकडे लक्ष दिले. २०२३ मध्ये चष्म्यांच्या व्यवसायातील लेन्सकार्टने तिच्यात गुंतवणूक केली. यामागील हिशेब समजण्यासारखा आहे. वेल्डिंग किंवा रंगकाम शिकणारा विद्यार्थी आभासी यंत्रावर शंभर वेळा चुकला तरी पत्रा, वायू आणि रंग वाया जात नाही, हात भाजत नाही. दरवर्षी नवी तुकडी येते, त्यामुळे तोच पाठ पुन्हा उपयोगी पडतो. घरात जो वापर महिन्याभरात ओसरतो, तो प्रशिक्षणशाळेत वर्षानुवर्षे चालू राहतो.

सोलापूरच्या पेढीवरून पाहता

आज एखाद्या व्यापारी घरातील मुलगा किंवा सून पदवी घेऊन येते आणि कापडाच्या किंवा भुसाराच्या पेढीला जोड म्हणून काही नवे करावे म्हणते, तेव्हा आभासी खेळांचे केंद्र किंवा हेडसेटची एजन्सी हा विचार पुढे येणे स्वाभाविक आहे. वडीलधाऱ्यांनी त्यावर एकदम नकार देऊ नये, आणि कौतुकाने कोरा धनादेशही देऊ नये. कागद घ्यावा आणि हिशेब मांडावा.

समजा, चार यंत्रे प्रत्येकी ३५ हजारांची घेतली, म्हणजे १ लाख ४० हजार झाले. जागेची सजावट, वातानुकूलन व इतर साहित्य १ लाख ६० हजार धरू. एकूण भांडवल तीन लाख. वर दिलेला इतिहास पाहता यंत्राचे आयुष्य तीन वर्षांहून अधिक धरणे धाडसाचे ठरेल, म्हणून वर्षाचा घसारा एक लाख. भाडे महिना १५ हजारांप्रमाणे १ लाख ८० हजार. दोन मदतनीस प्रत्येकी १२ हजारांवर, म्हणजे २ लाख ८८ हजार. वीज व किरकोळ खर्च ३२ हजार. वर्षाचा खर्च सहा लाख. एका फेरीचे शंभर रुपये घेतले तर वर्षाला सहा हजार, महिन्याला पाचशे, रोज साधारण सतरा फेऱ्या झाल्या म्हणजे केवळ खर्च निघेल. त्यात व्याज नाही, कर नाही आणि मालकाच्या श्रमाचा मोबदलाही नाही.

सतरा हा आकडा लहान वाटतो. सुट्टीत आणि सणासुदीत तो सहज ओलांडला जाईल. परंतु तीन वर्षांत अठरा हजार फेऱ्या व्हावयाच्या तर तीच माणसे परत यावी लागतील, आणि ती यावीत म्हणून दर काही महिन्यांनी नवे खेळ घ्यावे लागतील. घरगुती वापरासाठी घेतलेला खेळ व्यापारी केंद्रात चालविण्यास बहुधा स्वतंत्र परवाना लागतो, हा खर्च उत्साहाच्या भरात विसरला जातो. कर्ज घ्यावयाचे असल्यास परतफेडीची मुदत यंत्राच्या आयुष्यापेक्षा कमी असावी, हा जुना नियम येथे दुप्पट लागू आहे. यंत्र निकामी झाले आणि हप्ते उरले, यासारखी विवंचना नाही.

विक्रीच्या बाबतीत सोलापुरी चादरीचा अनुभव मार्गदर्शक आहे. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळूनही बाहेरच्या स्वस्त नकला ‘सोलापुरी’ म्हणून खपतात. नकली चादरीने फसलेले गिऱ्हाईक अस्सल चादरीकडेही संशयाने पाहू लागते. हेडसेटच्या बाजारात नेमके हेच घडले. दोन-तीनशे रुपयांच्या ओबडधोबड भिंगांच्या खोक्यांनी डोके दुखविले आणि ‘हे प्रकरणच वाईट’ असा ग्रह करून दिला. म्हणून ज्याला हा माल ठेवावयाचा आहे त्याने नमुना स्वतः अर्धा तास वापरून पाहावा. हमी भारतात लागू आहे काय, सुटे भाग मिळतात काय आणि न खपलेला माल कंपनी परत घेते काय, हे लेखी घ्यावे आणि पहिली उचल लहान ठेवावी.

याउलट, सोलापूरकडे एक जमेची बाजू आहे. येथील शालेय गणवेशाचा व्यवसाय मोठा आहे, आणि शाळा हे कसे गिऱ्हाईक असते हे त्या व्यापाऱ्यांना पक्के माहीत आहे: निर्णयास विलंब, देयकास विलंब, पण एकदा विश्वास बसला की दरवर्षी मागणी. हृदयाची रचना, सूर्यमाला, अजिंठ्याचे लेणे हे विषय आभासी यंत्रावर शिकविता येतात. मात्र शाळेला केवळ खोका देऊन भागणार नाही. मराठीतील पाठ, शिक्षकांचे प्रशिक्षण, यंत्रांची स्वच्छता आणि वार्षिक देखभाल असे सर्व एकत्र पुरविणारा तेथे टिकेल. असा व्यवसाय सेवेचा आहे, आणि सेवेचा दर परदेशातील कोणी एका रात्रीत पाडू शकत नाही.

घरासाठी घेताना

विकत घेणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. मेटाने आपल्या यंत्रांसाठी मुळात तेरा वर्षांची वयोमर्यादा ठेवली होती. २०२३ मध्ये दहा ते बारा वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालील खात्यावर मुभा देण्यात आली. सोनीने आपल्या यंत्राला बारा वर्षांची मर्यादा घातली आहे. त्याहून लहान नातवंडाला हौसेने यंत्र चढवू नये. पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती घ्यावी, भोवती मोकळी जागा ठेवावी, आणि चष्मा असलेल्यांनी तो घालून यंत्र बसते काय हे दुकानातच पाहावे. हे यंत्र मान, हात आणि खोलीची रचना सतत टिपत असते, ही जाणीवही असावी.

नव्या वस्तूपासून दूर राहणे हा व्यापाऱ्याचा धर्म नव्हे. पण ‘स्वस्त आहे, खपेल’ आणि ‘उपयोगी आहे, पुन्हा मागतील’ या दोन वाक्यांत महत्त्वाचे अंतर आहे. पहिल्या वाक्यावर भरलेला माल एक हंगाम चालतो. दुसऱ्यावर पेढी उभी राहते. आभासी चष्मा अजून या दोहोंच्या मध्ये आहे. ज्या घरात तो घेण्याचा किंवा विकण्याचा विचार चालू असेल, तेथे किमतीच्या पाटीखाली एक ओळ आणखी लिहावी: सहा महिन्यांनी तो कोण वापरणार आहे? उत्तरात एखाद्या शाळेचे, कारखान्याचे किंवा प्रशिक्षणवर्गाचे नाव लिहिता आले, तर पुढचा हिशेब जरूर मांडावा. ती जागा कोरी राहिली, तर तूर्त खेळते भांडवल गल्ल्यातच सुरक्षित आहे.